धुतलेलं लुगडं

कडूबाईच्या नावावरून करता येतील तेवढे विनोद गावाने केव्हाच करून टाकले होते. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने हिचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तू कोण तोंडात घालतो, यमसुद्धा थुंकून टाकील, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. पोर जगली, वाढली आणि शेवगावच्या पुढे, काळ्या रानातल्या एका गावात गहिनीनाथची बायको म्हणून नांदायला आली. "नाव कडू आन हात गोड" हे वाक्य तिने सासरी इतक्यांदा ऐकलं, की कुणी ते पुन्हा म्हटलं की ती विचारायची, "दुसरं काई येतं का न्हाई?"

हाताचं म्हणाल तर ते खरंच होतं. दिवाळी सरली, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, की कडूबाईच्या ओट्यावर गोधड्यांचा मोसम सुरू व्हायचा. उन्हं ओट्यावर आली की ती खाली एक लुगडं अंथरायची, त्यावर जुन्या धोतरांचे, सदऱ्यांचे, विरलेल्या चादरींचे थर द्यायची, वरून दुसरं लुगडं ताणायची आणि कोपऱ्यांवर दगड ठेवून कडेने टाका घालायला बसायची. टाका कडेकडेने फिरत आत आत जायचा आणि शेवटी मधोमध येऊन थांबायचा. शेजारणी मदतीला बसत, पण कुणाचा टाका लांब पडला की कडूबाई काही न बोलता तो उसवून ठेवायची. तिच्या बोलण्यापेक्षा त्या न बोलण्याची बायकांना जास्त धास्ती. ज्याची गोधडी त्याने टाके घालणाऱ्या बायकांना जेवू घालायचं, एवढीच रीत होती.

पण गाठोडं कुणाचंही असो, कडूबाईचा नियम एकच, "आधी सोड्यात, मग सुईत." परसात तिने तीन दगडांची चूल मांडलेली होती. तिच्यावर भलं मोठं जर्मनचं पातेलं चढायचं, उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा पडायचा आणि गावभरचा घाम, तेल, धूर, तंबाखू सुटून काळं पाणी वाहायचं. ही खोड तिला नवी नवरी असतानाच लागली. पहिल्या हिवाळ्यात सासूने जी गोधडी पांघरायला दिली तिच्यात ढेकणांची वस्ती होती. कडूबाईने सकाळी उठून ती गोधडी सरळ उकळायला घातली. नव्या सुनेने सासूची गोधडी उकळली, ही बातमी दिवस मावळायच्या आत वेशीपर्यंत पोचली. सासूने बरेच दिवस अबोला धरला, पण त्या दिवसांत तिला झोपही गाढ लागली. मग एके सकाळी स्वतःच आपलं जुनेर घेऊन आली आणि म्हणाली, "हे बी टाक."

असा स्वभाव असलेल्या बाईची जिवाभावाची मैत्रीण कोण असावी, तर चांगुणा. दोन घरं सोडून राहणारी. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या होत्या. चांगुणा म्हणजे हसरी, गबाळी, कामाला वाघीण पण आवरायच्या नावाने शून्य. कडूबाई तिला दिवसाकाठी दहा वेळा रागवायची आणि रागवायला मिळालं नाही की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दोन पावसाळ्यांमागे चांगुणाला कावीळ झाली, ती अंगात मुरली आणि बाई गेली. मागे नवरा अमृत आणि मुलगी रेश्मा. कडूबाई तेव्हा चारचौघींत रडली नाही. घरी येऊन तिने कुणाचं तरी गाठोडं उकळायला घातलं आणि त्या वाफेत तोंड लपवून रडून घेतलं. गहिनीनाथला ते कळलं होतं. त्या दिवशी त्याने चुलीला जळण आणून दिलं.

त्र्याण्णव साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा गावातून पांघरुणांनी भरलेला टेम्पो लातूरकडे गेला. अमृतने घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या त्यात टाकल्या. "त्यान्ला घर न्हाई, आपल्याला हाय," एवढंच म्हणाला. माणूस तसाच, हात राखून द्यायचं त्याला जमत नसे. पण मार्गशीर्षात थंडीचा कडाका पडला, तेव्हा बापलेकीला अंगावर घ्यायला धड काही नव्हतं. शेवटी एके सकाळी अमृतने घरातली जुनेरं गोळा केली. रेश्मा शेवगावला कॉलेजात गेली होती, अकरावीला. तिच्या अंथरुणात, उशीच्या खोळीत कोंबलेलं एक विटकं हिरवं लुगडं त्याला दिसलं. पोरीला धड उशी नाही म्हणून तिने चिंध्या कोंबल्यात, असं त्याला वाटलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. तेही त्याने गाठोड्यात बांधलं आणि कडूबाईच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"वैनी, दोन हुत्याल का?"

"पोरीपुरती आधी करते. तुमचं मागनं बघू," कडूबाई म्हणाली.

गाठोडं सोडलं आणि हिरवं लुगडं वर आलं, तेव्हा तिने ते लगेच ओळखलं. चांगुणाचं नेसूचं. काठाला एका जागी तिनेच रफू करून दिलेलं. किती मळलेलं! पदर तर तेलाने, धुराने कडक झालेला. "बाई बाई, चांगुणे, जाताना तरी धुऊन जायचंस," असं ती पुटपुटली, आणि ठरवलं, हे लुगडं पोटात घालायचं नाही, वरच्या अंगाला लावायचं. म्हणजे रेश्माच्या गालाला आईचं लुगडं लागेल. बाकीचे कपडे तिने एकदा उकळले. हे लुगडं मात्र मायेने दोनदा उकळलं, आपटलं, नितळ पाण्यातून काढलं आणि उन्हात वाळत घातलं. किती तरी वर्षांनी त्याचा हिरवा रंग दिसला. कडूबाई स्वतःवरच खूष झाली.

रेश्मा दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती धावतच. दप्तर खांद्यावर, पायातली एक चप्पल तुटलेली. आदल्या रात्री अभ्यास आटोपून, गाव निजल्यावर तिने उशी चाचपून पाहिली होती, बापाला विचारलं होतं, आणि सकाळी परीक्षा म्हणून तिला आधी शेवगाव गाठावं लागलं होतं.

"मावशी, हिरवं लुगडं?"

"हे बघ की!" कडूबाईने दोरीवरचं लुगडं ओढून तिच्यापुढे धरलं. तिला वाटलं, पोरगी हरखेल.

रेश्माने लुगडं तोंडाशी नेलं. नाक त्यात खुपसलं. एका जागी, मग दुसऱ्या जागी, मग पदराशी. मग तिने ते हळूच खाली घेतलं.

"धुतलं?"

"आता? धुवायचं न्हाई तर काय पुजायचं व्हय मळकं लुगडं?"

"वास गेला," रेश्मा म्हणाली.

"मंग जायलाच पायजे!"

"आईचा वास हुता त्याला, मावशी." पोरीचा आवाज चढला नाही, तेच वाईट झालं. "मी रोज तेच उशाला घेत हुते. दोन वर्सं झाली, मी पानी लागू दिलं न्हाई त्याला."

तिने लुगड्याची घडी घातली, ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. कडूबाई तिच्यामागे दोन पावलं गेली आणि परत फिरली. मग ते लुगडं उचलून तिने स्वतः हुंगलं. सोडा, ऊन, बाकी काही नाही. जन्मभर जी गोष्ट ती अभिमानाने करत आली होती, ती तिने इतकी चोख केली होती की मेलेली मैत्रीण दुसऱ्यांदा घरातून गेली. आणि पहिल्यांदा कावीळ होती, या खेपेला आपण होतो. तिला ते सहन होईना.

आता कडूबाईला चुकलं म्हणायची सवय नव्हती. सासूशी नाही, नवऱ्याशी नाही, मग पोरीशी कुठली! तिला एकच ठाऊक: बिघडलं तर उसवायचं आणि पुन्हा घालायचं. तिने घरातल्या चुलीवर आडवी काठी बांधली, तिच्यावर लुगडं टाकलं आणि खाली ओलसर तुराट्या पेटवल्या. घर धुराने भरलं. गहिनीनाथ खोकत खोकत बाहेर पळाला आणि अंगणातून म्हणाला, "अगं, लुगडं हाय का बोंबील?"

"गप ऱ्हावा तुमी."

"न्हाई, बाजारला न्यायचं आसंल तर तसं सांग."

एरवी तिने त्याला बोलण्यात हरवलं असतं. आज ती चुलीपुढे बसूनच राहिली. गहिनीनाथ आत आला, डोळे पुसत तिच्याजवळ उकिडवा बसला आणि चेष्टा सोडून म्हणाला, "कडे, चांगुणा काय नुसता धूर हुती का? पोरीला इचार तरी, काय हुतं ते." नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, हे तिने कबूल केलं नाही, पण लुगडं काखेत मारून निघाली.

अमृतच्या घरात शिरल्याबरोबर तिला रॉकेलचा वास आला. चांगुणा गेल्यापासून पोरगी स्टोव्हवरच पिठलं आणि भात करायची. अभ्यास, पाणी, शेण, सगळं सांभाळून चूल कोण पेटवणार? चुलीतल्या राखेत मांजर मुटकुळं करून झोपलं होतं. कडूबाईला ते मांजर पाहून भडभडून आलं. एवढ्या जवळ राहून हे आपल्याला दिसलं कसं नाही? आपल्याला या घरची फक्त जुनेरं तेवढी दिसली.

"घे, बघ बरं आता," तिने लुगडं पुढे केलं.

रेश्माने मान राखायला म्हणून हुंगलं आणि मान हलवली. "हा नुसता धूर हाय, मावशी. ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ कसं द्यायाचं? सांग मला. काय काय हुतं त्या वासात?"

रेश्मा भिंतीला टेकली. डोळे मिटून आठवू लागली. तिला ते शब्दांत सापडेना. "धूर हुता थोडा. आन लसूण, पर कच्चा न्हाई. शेंगदान्याचं तेल. आन थंडीत लई यायचा तो, भाजल्यावानी, खमंग..."

"हुलगा," कडूबाई म्हणाली.

"व्हय! शेंगुळे केल्यावर यायचा तो. सगळ्यात जास्त पदराला."

पदराला! कडूबाईने लुगड्याचा पदर हातात ओढून घेतला. चांगुणाच्या ज्या खोडीवरून ती वर्षानुवर्षं बोलत आली होती, ती हीच. चांगुणा स्वयंपाक करताना हात पदराला पुसायची. तेलाचे, पिठाचे, हिरव्या वाटणाचे, सगळे हात. "अगं, फडकं घेत जा की! लुगड्याचं पोतेरं केलंस," असं कडूबाई म्हणायची आणि चांगुणा हसून पुन्हा पदरालाच हात पुसायची. पोरीने जो वास उशाशी जपला होता, तो म्हणजे चांगुणाने रोज थोडा थोडा पुसून ठेवलेला स्वयंपाक होता. दुसरं काही नव्हतं. कडूबाईला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं, आणि पोरीपुढे तिने दोन्ही लपवलं नाही.

"रेश्मे, माजं चुकलं गं," ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते. "ऊठ. हुलगं हायती का घरात?"

हुलगे होते. डब्याच्या तळाशी, तांबूस कुळथाचे दाणे. मांजराला उठवलं, राख काढली, तुराट्या पेटवल्या. कडूबाईने हुलगे तव्यावर भाजले, तडतडून त्यांचा रंग उतरेपर्यंत, आणि दोघी जात्याला बसल्या. जातं इतके दिवस बंद, आधी कुरकुरलं, मग लागलं फिरायला. पिठाचा ऊन ऊन वास घरात पसरला. रेश्मा थांबली आणि म्हणाली, "ह्यो एक."

मग वाटण. कडूबाई लसूण सोलायला बसली, आपल्या पद्धतीने, एकेक पाकळी पांढरी शुभ्र.

"आई सोलत नव्हती," रेश्मा म्हणाली.

"आळशी हुती म्हनून."

"निम्मा सालीसकट ठेचायची. फोडनीत टाकायची. साल जळली का मग वास यायचा."

कडूबाईने हातातली पाकळी खाली ठेवली. गावात तिला स्वयंपाकातलं कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि आज सोळा वर्षांची पोर सांगत होती. तिने लसणाचा गड्डा तसाच रेश्माकडे सरकवला. "ठेच तूच. मला म्हाईत न्हाई."

हुलग्याच्या पिठात मूठभर बाजरीचं पीठ, वाटण, ओवा, हळद, मीठ, तेलाची धार, घट्ट मळलं. कडूबाईने दोन तळव्यांत गोळा धरून लांब वळी काढली आणि तिचा वेढा घातला, की झालं एक शेंगुळं. रेश्माच्या पहिल्या वळ्या तुटल्या, मग जाड झाल्या, मग जमल्या. मधेच तिने तेलकट, पिठाळ हात वर धरले आणि सवयीने फडकं शोधू लागली.

कडूबाई उठली. हिरवं लुगडं तिने उलगडलं, दोन पदरी केलं आणि पोरीच्या ड्रेसवरून कमरेला गुंडाळून पदर पुढे खोचला.

"पूस."

"मावशी, ह्याला?"

"ह्यालाच. तुज्या आईनं माजं जन्मभर ऐकलं न्हाई, तू तरी ऐक. चांगले दोनी हात पूस."

रेश्माने आधी बोटं टेकवली. मग तळवे. मग ती दोन्ही हात त्या लुगड्यात खुपसून रडू लागली, मोठ्याने, आईच्या मयतीलाही रडली नव्हती तशी. कडूबाईने तिला जवळ घेतलं. तिच्याही हाताला पीठ होतं; ते पोरीच्या केसांना लागलं आणि कडूबाईने ते झटकलं नाही. चुलीवर पाणी खळखळायला लागलं तेव्हाच दोघी सुट्या झाल्या, कारण आधण कुणासाठी थांबत नाही.

तेलात सालीसकट लसूण पडला. चर्र झालं, साल करपली, धूर वर गेला, मग त्यावर आधणाचं पाणी ओतलं. उरलेलं पीठ पाण्यात कालवून रश्शात सोडलं, एकेक वेढा आत गेला आणि रस्सा दाट होत आला. कडूबाई बाजरीची भाकरी थापत होती आणि रेश्मा पळीने ढवळत, मधून मधून हात पुसत होती. आता ती बघत नव्हती कशाला पुसतेय ते.

दिवस मावळायच्या सुमारास अमृत रानातून आला. अंगणात बैल बांधल्याचा आवाज झाला, वहाणा वाजल्या. आणि दारातून, चांगुणा असताना यायचा अगदी त्याच सुरात, दमलेला पण खुशीतला आवाज आला:

"कारभारणी, शेंगुळे केल्यात व्हय आज?"

रेश्माच्या हातातली पळी थांबली. आपण काय बोललो ते अमृतला कळलं असावं. तो दारात एका पायात वहाण घालून तसाच उभा होता, आणि चुलीपुढे त्या हिरव्या लुगड्यात पाठमोरी बसलेल्या मुलीकडे बघत होता.

रेश्मा वळली नाही. तिने डोळे पुसले, पदरालाच, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "व्हय आण्णा, केल्यात. हात-पाय धुवा, वाढते."

त्या रात्रीपासून ते लुगडं रेश्माकडेच राहिलं. गोधडी कडूबाईने दुसऱ्या जुनेरांची केली, आणि बापालाही एक केली. तिचा सोडा सुटला नाही, पातेलं उतरलं नाही. स्वभाव का एवढ्याने जातो? पण तिच्या नियमाला त्या हिवाळ्यात एक टाका वाढला. गाठोडं घेऊन कुणीही आलं की ते सोडण्याआधी ती विचारायची, "बाई, ह्यातलं धुवायचं न्हाई असं काई हाय का?"

पहिल्यांदा बायका हसल्या. कडूबाईचं वय झालं म्हणाल्या. पण मग जी ती आपल्या गाठोड्यापाशी खाली बसायची, गाठ सोडायची, आत हात घालून एकेक कापड चाचपायची. कुणी बाळाचं टोपडं बाहेर काढायची, कुणी नवऱ्याचा जुना सदरा, कुणी आजीची विटकी चोळी. कारण सांगायची नाही. कडूबाई विचारायचीही नाही. ती नुसती तोंड वळवून चुलीत जळण सारायची, आणि ती बाई काढलेलं ते कापड पदराआड धरून घरी परत न्यायची.